हळद, बेंजो आणि अवकाशस्थानक

लग्नसराईत रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर कुठल्याही आगरी-कोळी वस्तीत हळदीची रात्र म्हटली की बेंजो हवाच. आडवा ठेवलेला बेंजो, डावा हात कळांवर, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी, शेजारी ढोलकी, आणि आता कीबोर्डही. खाली म्हसळा-श्रीवर्धनकडे खालू बाजा निघतो: सनई, ढोल, टिमकी. देवळातल्या भजनाला पेटी, पखवाज आणि टाळ. ही सगळी मंडळी वाद्यांसकट उचलून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात नेऊन सोडली, तर काय वाजेल आणि काय गप्प बसेल?

प्रश्न गमतीचा आहे, पण उत्तर द्यायचं तर प्रत्येक वाद्य मनातल्या मनात उघडून बघावं लागतं. आवाज नेमका कशामुळे निघतो, आणि त्यात जमिनीचा वाटा किती? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक वाद्यं वर जवळजवळ अलिबागला वाजतात तशीच वाजतील. पंचाईत होईल ती वाजवणाऱ्याची.

आधी वजनाचं बघू. वर गुरुत्वाकर्षण नसतं, असं पुष्कळ जणांना वाटतं. ते असतं. अवकाशस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. मुंबईहून कोल्हापूरला गाडीने जितकं जावं लागतं, साधारण तितकंच हे अंतर, फक्त सरळ वर. पृथ्वीच्या मध्यापासून आपण मुळातच जवळजवळ ६,४०० किलोमीटर दूर आहोत; त्यात ४०० मिळवल्याने ओढ फार कमी होत नाही. जमिनीवर ती जितकी असते त्याच्या सुमारे ८९ टक्के तिथेही असते. मग माणसं तरंगतात कशी?

मुरुडसमोरच्या जंजिऱ्यावर कलाल बांगडी ही थोरली तोफ आहे. समजा ती आडवी रोखून गोळा पश्चिमेला समुद्रावर डागला, आणि हवेचा विरोध नाही असं धरलं. तोंडातून सुटल्या क्षणापासून गोळा पडायला लागतो. पहिल्या सेकंदात तो सुमारे ४.९ मीटर खाली येतो, मग तो सावकाश सुटलेला असो की वेगात. नेहमीचा गोळा थोडं अंतर जाऊन पाण्यात पडेल. पण पृथ्वी गोल आहे. दर ८ किलोमीटरला तिचा पृष्ठभाग सरळ रेषेपासून जवळजवळ ५ मीटर खाली वळतो. तेव्हा गोळ्याचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास नेता आला, म्हणजे अलिबागहून सुटून सेकंदात नागावच्या आसपास पोचण्याइतका, तर तो जितका पडेल तितकंच पाणीही त्याच्याखालून दूर वळेल. गोळा पडतच राहील, आपटणार मात्र कधीच नाही. न्यूटनने उंच डोंगरावर तोफ कल्पून हेच समजावलं होतं. अवकाशस्थानक हा तसाच एक गोळा आहे: सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने, दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालत, सतत पडणारा. आतली माणसं, चमचे, गिटार, पाण्याचे थेंब, सगळं एकाच वेगाने एकत्र पडतं. त्यामुळे तिथे कोणीच कोणावर टेकत नाही. पुढच्या साऱ्या गमती या एका गोष्टीतून निघतात.

हे स्थानक आपल्या किनाऱ्यावरून दिसतंही. पावसाळा सरल्यावर, सूर्य बुडाल्यानंतरच्या तासाभरात, किहीम किंवा काशीदच्या वाळूवर उभं राहिलं आणि फेरी वरूनच असली, तर न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश पार करून जातो. त्या ठिपक्यात २००१ सालापासून एक खरीखुरी लाकडी गिटार आहे.

आता आवाजाकडे. आवाजाला हवा लागते, आणि स्थानकातली हवा जवळजवळ आपल्या किनाऱ्यावरचीच: तोच नायट्रोजन, तोच ऑक्सिजन, दाब समुद्रसपाटीइतका. या बाबतीत अलिबागला महाबळेश्वरपेक्षा अवकाशस्थानक जवळचं, कारण महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. आवाजाचा वेग तोच, तापमानही घरातल्यासारखं. म्हणून बासरीतून निघणारा षड्ज वरही त्याच जागी लागेल.

नेहमीच असं नव्हतं. अवकाशात वाद्य वाजवल्याची सर्वांत जुनी प्रसिद्ध गोष्ट १६ डिसेंबर १९६५ची. जेमिनी ६-ए यानातले वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाला आधी गंभीरपणे कळवलं की उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी एक अनोळखी वस्तू दिसते आहे. आणि मग शिरा यांनी लपवून नेलेला चिमुकला माउथ ऑर्गन काढून नाताळचं ‘जिंगल बेल्स’ वाजवलं, स्टॅफर्ड यांनी घुंगरांची साथ दिली. त्या यानात आपल्यासारखी हवा नव्हती. शुद्ध ऑक्सिजन होता, आणि तोही समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश दाबाचा. ऑक्सिजन हवेपेक्षा थोडा जड, म्हणून त्यात आवाज सुमारे पाच टक्के सावकाश जातो. शिरा यांनी बासरी नेली असती तर ती जवळजवळ एक पट्टी उतरली असती: पांढरी दोनची बासरी काळी एकच्या जवळपास बोलली असती. बासरीचा स्वर आतल्या हवेच्या खांबावर ठरतो, आणि त्या खांबात आवाज सावकाश धावला की स्वर उतरतो. माउथ ऑर्गनचं तसं नाही. तिथे पितळी पत्ती हलते, आणि तिचा स्वर पत्तीची जाडी, लांबी आणि ताठपणा ठरवतात. भोवतीचा वायू बदलला तरी तिला फारसं देणंघेणं नसतं. शिरा यांनी हा विचार करून वाद्य निवडलं असेल असं मुळीच नाही. खिशात मावलं म्हणून गेलं. पण निवड अचूक होती.

आपली पेटी त्याच घराण्यातली. सूर पत्तीचा, वारा भात्याचा. कळ सोडली की झडप बंद होते ती आतल्या स्प्रिंगमुळे, आतल्या भात्यालाही स्प्रिंगचाच दाब. म्हणजे पेटीच्या आत वजनावर चालणारं जवळजवळ काहीच नाही. पण बाहेरचा भाता डाव्या हाताने ढकलताना जमिनीवर पेटी जागची हलत नाही ती स्वतःच्या वजनाने आणि सतरंजीशी होणाऱ्या घर्षणाने. वर दर झोक्याला पेटी पुढे-मागे जाईल, आणि वाजवणारा उलट दिशेने मागे-पुढे. पट्ट्यांनी भिंतीला आवळून बांधल्याशिवाय एक अंतराही पुरा व्हायचा नाही. कार्ल वॉल्झ हे अंतराळवीर २००१च्या डिसेंबरपासून २००२च्या जूनपर्यंत स्थानकात राहिले आणि तिथे कीबोर्ड वाजवत. कळ दाबायची म्हणजे कीबोर्डला ढकलायचं. कीबोर्ड उलट तुम्हाला ढकलतो. तेव्हा वाद्यालाही धरून ठेवायचं आणि स्वतःलाही.

तारेची वाद्यं सगळ्यांत निवांत. बेंजोची किंवा तंबोऱ्याची तार छेडली की ती परत जागेवर येते ती ताणामुळे. हा ताण काही किलोंचा, आणि तारेचं स्वतःचं वजन त्यापुढे नगण्य. वजन गेल्याने त्या हिशोबात काही फरक पडत नाही. तंबोऱ्याची जवारीही तशीच बोलेल, कारण तार घोडीला अलगद घासत राहते ती ताणामुळे आणि घोडीच्या उतारामुळे. जपानच्या नाओको यामाझाकी यांनी २०१०मध्ये लहानसं कोतो वर नेऊन वाजवलं, चीनच्या वांग यापिंग यांनी २०२२च्या फेब्रुवारीत त्यांच्या स्थानकात गुझेंग वाजवलं. दोन्ही तारवाद्यं, दोन्ही सुरेल राहिली.

बेंजोची तर आणखी एक सोय. हल्लीच्या बेंजोला पिकअप असतो. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की भोवतीच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तीच स्पीकरकडे जाते. या साखळीत हवेचा संबंध थेट स्पीकरपाशी येतो. म्हणजे बेंजो यानाबाहेरच्या पोकळीत वाजवला तरी त्याचा संकेत तारेतून आत येईल आणि आतल्यांना गाणं ऐकू येईल. (चुंबकाजवळ लोखंड हललं की काय होतं हे अलिबागकरांना वेगळं सांगायला नको. विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली मुंबईहून अलिबागला आणावी लागली, आणि तिथली इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं गेलं. बेंजो पार्टीने सराव त्या आवारात न केलेला बरा.)

चामड्याच्या वाद्यांचंही तेच: ढोलकी, पखवाज, टिमकी, सगळ्यांचा आवाज पुडीच्या ताणावर. उलट किनाऱ्यावरच्या वादकाला वर एक सुख मिळेल. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने चामडं ढिलं पडतं, मग ते शेकायचं, परत चढवायचं. स्थानकातली आर्द्रता यंत्राने राखलेली असते, सूर सहसा हलणार नाही. आणि हलला तर शेकायची सोय नाही. आगीला तिथे सगळे जितके घाबरतात तितके दुसऱ्या कशालाच घाबरत नसतील. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, ती चिकटून राहील. पण वाळली की तिचे कण सुटून हवेत फिरत राहतील, पंख्याच्या जाळीत अडकतील, कोणाच्या तरी डोळ्यात जातील. पखवाजियाला बहुधा परवानगी मिळणार नाही.

मग हरतं कोण? टाळ. हे मला सुरुवातीला सुचलं नव्हतं, आणि सुचल्यावर पटायला थोडा वेळ लागला. टाळाचा झंकार लांबतो कारण वाटी दोरीला लोंबत असते. बोटं धातूला लागली की नाद मरतो. दोरी ताठ राहते ती वाटीच्या वजनाने. वजन काढून घेतलं की दोरी वाकडीतिकडी तरंगते, वाटी भलतीकडे तोंड करते, आणि मारायला गेलं की बाजूला सरकते. वाटी मुठीत धरली तर नेम बसेल, पण नाद जाईल. देवळातल्या घंटेचंही तसंच. लोळी हलवून सोडली तर ती एकदा जाऊन आपटेल, उडेल, कुठल्याही दिशेला जाईल; पण परत मध्यावर येणं, झुलणं, ते सारं वजनाचं काम. झुलणारं कुठलंही यंत्र तिथे निकामी, लंबकाचं घड्याळही आणि दांडी हलणारा जुन्या पद्धतीचा मेट्रोनोमही. घुंगरू मात्र चालतं, कारण त्यातला दाणा आपटतो तो झटक्याने. हात थांबला, दाणा स्वतःच्या वेगाने पुढे गेला, आवाज झाला. १९६५मध्ये स्टॅफर्ड यांची घुंगरं म्हणूनच वाजली. जलतरंगाचं तर नावच काढू नये. चिनी मातीच्या वाट्यांत पाण्याची पातळी कमी-जास्त करून स्वर लावायचे, आणि वर पाण्याला पातळीच नसते. ते कडांवर चढतं, नाहीतर गोळा होऊन निघून जातं.

इथपर्यंत वाद्यांचं. आता वाजवणाऱ्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

बासरीवाल्यापासून सुरुवात करू. फुंकर मारली की हवा पुढे जाते आणि माणूस मागे. जमिनीवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. हिशोब करून बघा. फुंकीतून सेकंदाला अर्धा लिटर हवा जाते असं धरू, म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम. ओठातून निघताना तिचा वेग सेकंदाला ३० मीटर धरला तर मागे मिळणारा रेटा दोन ग्रॅमच्या वजनापेक्षाही थोडा कमी भरतो. क्षुल्लक आहे. पण ७० किलोच्या तरंगत्या माणसाला हा क्षुल्लक रेटा मिनिटभरात जवळजवळ अर्धा मीटर सरकवतो. श्वास आत घेताना हे भरून निघेल असं वाटतं, ते फारसं होत नाही: बाहेर जाणारी हवा एका धारेत जाते, आत येणारी चहूबाजूंनी येते. शिवाय रेटा ओठांपाशी, शरीराचा मध्य पोटाजवळ, म्हणजे माणूस सरकता सरकता गिरकीही घेणार. एलेन ओचोआ यांनी एप्रिल १९९३मध्ये डिस्कव्हरी यानात बासरी वाजवली तेव्हा पाय यानातल्या पट्ट्यांत अडकवून ठेवले होते; फुंकरीचा तेवढासा जोरही हलवायला पुरतो, असं त्यांनी नंतर सांगितलं. सनईवाल्याला हा त्रास कमी होईल. सनईच्या पत्तीतून वारा कमी जातो, आणि पुढच्या रुंद तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचा वेगही मेलेला असतो.

गिटारचा अनुभव अनेकांनी सांगितला आहे, कारण गिटार अनेकदा वर गेली. कॅनडाचे ख्रिस हॅडफील्ड नोव्हेंबर १९९५मध्ये रशियाच्या मीर स्थानकात घडीची गिटार घेऊन गेले होते. पुढे २०१३मध्ये अवकाशस्थानकातल्या त्यांच्या गाण्याची चित्रफीत जगभर गाजली. त्यांनी वर्णन केलेली अडचण तारवाद्य वाजवणाऱ्या कोणालाही लगेच कळेल. गळ्यात पट्टा लागत नाही, कारण गिटार पडतच नाही. पण ती थांबतही नाही. डावा हात मानेवरून सरकला की सारी गिटार त्याच्यासोबत निघते, म्हणून ती दंडाखाली दाबून धरायला शिकावं लागतं. दुसरी अडचण जास्त सूक्ष्म. वर्षानुवर्षांच्या रियाझात हाताने स्वतःचं वजन हिशोबात घेतलेलं असतं: अमुक पडद्यावर जायचं तर इतका जोर. वर हाताला वजन नाही, आणि जुन्या सवयीने लावलेला जोर बोटांना पडद्याच्या पुढे नेऊन टाकतो. सूर बेसूर होतो तो असा, तारेचा त्यात दोष नाही. काही दिवसांनी मेंदू नवा हिशोब मांडतो. सतारीवर मींड घेणाऱ्याला किती दिवस लागतील, याचं मला मोठं कुतूहल वाटतं.

गजाच्या वाद्यांत मला आपल्या सारंगीवर पैसे लावावेसे वाटतात. व्हायोलिन आडवं असतं आणि गज वरून त्यावर टेकतो. साठ-एक ग्रॅमच्या गजाचं स्वतःचं वजन आणि त्यावर विसावलेल्या हाताचं वजन, दोन्ही वादकाला फुकट मिळतात. वर ते फुकटचं संपलं, दाब सगळा बोटांनी आणि मनगटाने द्यायचा. शिवाय उजवा हात एका दिशेला गेला की धड दुसऱ्या दिशेला वळणार. सप्टेंबर २०२४च्या पोलारिस डॉन मोहिमेत सारा गिलिस यांनी यानात व्हायोलिन वाजवून हे निभावलं. सारंगी उभी धरतात, गज आडवा चालतो, त्याचं वजन तारांवर मुळातच पडत नाही. दाब आधीपासूनच हाताचा. नखं तारांना बाजूने लागतात, तिथेही वजनाचा प्रश्न नाही. फक्त सारंगी ठेवायला मांडी हवी.

आणि मांडी तिथे नसते. मोकळं सोडलेलं शरीर वर आपोआप थोडं वाकतं, गुडघे दुमडतात, दोन्ही हात पुढे तरंगून येतात. मांडी घालता येते, पण ती घातलेली राहावी म्हणून स्नायूंना सतत आवळून ठेवावं लागतं, आणि खाली बसायला जमीन तरी कुठे आहे. आपली सगळी बैठकीची कला, तंबोऱ्याचा भोपळा टेकवणं, सतारीचा पाय, चुंबळीवर ठेवलेले तबला-डग्गा, हे सगळं पृथ्वीच्या उधारीवर चालतं. तबलजी सर्वांत जास्त अडेल. चाटीवर थाप मारली की तबला खाली जाणार आणि तो वर. डग्ग्यावरचा घिस्सा मनगटाच्या टाचेचा भार देऊन येतो. भार देण्याऐवजी ढकललं तर डग्गा चालू लागतो. उपाय एकच: तबला-डग्गा आणि वादक तिघांनाही एकाच चौकटीला बांधायचं. एकदा बांधलं की ठोक्याचे धक्के आतल्या आत मिटतात. खालू बाज्यातला ढोल आधीच गळ्यात पट्ट्याने बांधलेला असतो, तेव्हा ढोलवाला तबलजीपेक्षा पुढे. तो उडून जाणार नाही. फक्त प्रत्येक ठोक्याला ढोल आणि तो एकमेकांशी हेलकावत राहतील, आणि पोटाशी ढोल घट्ट आवळला तर तेवढंही कमी होईल.

गाणाऱ्याची गत वेगळी. पायांकडे ओढलं जाणारं रक्त आणि पाणी वर डोक्याकडे चढतं, चेहरा सुजतो, नाक भरल्यासारखं होतं. सर्दीत गाण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना कल्पना येईल. त्यातून सुषिर वाद्यांचा ओलावा. सॅक्सोफोनमध्ये किंवा बासरीत श्वासातली वाफ गार होऊन पाणी साचतं, जमिनीवर ते ओघळून बाहेर पडतं. वर ते ओघळत नाही. नळीच्या भिंतीला पातळ थर होऊन चिकटतं आणि जमत जातं. झटकून काढायला गेलं तर थेंब केबिनभर, आणि केबिनभर विजेची उपकरणं. म्हणून आतून कापड फिरवायचं. रॉन मॅकनेर यांनी फेब्रुवारी १९८४मध्ये शटलमध्ये सॅक्सोफोन नेऊन वाजवला होता. जानेवारी १९८६च्या चॅलेंजरमध्ये फ्रेंच संगीतकार झाँ-मिशेल जार यांच्या एका रचनेसाठी तो पुन्हा वाजवायचा, असं ठरलं होतं. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी चॅलेंजर फुटलं.

श्रोत्यांनाही एक त्रास आहे. आपल्याकडे गरम हवा वर जाते, गार हवा तिची जागा घेते, श्वास आपोआप पसरतो. वजन नाही म्हटल्यावर गरम हवा हलकी असूनही तिला वर जाण्याचं कारण उरत नाही. सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साचतो, झोपलेल्या माणसाला तर स्वतःच्याच कार्बन डायऑक्साइडने डोकं दुखायला लागेल. म्हणून स्थानकात पंखे चोवीस तास चालू. त्यांची घरघर, पंपांची गुणगुण, मिळून साधारण ६० डेसिबलच्या आसपासचा आवाज कायम भोवती असतो. तंबोऱ्यावर कान ठेवून षड्ज लावायला ही जागा बरी नव्हे. बेंजोवाल्यांचं मात्र काही बिघडणार नाही. जनरेटरशेजारी वाजवायची त्यांना सवय असते.

नेण्याआधी कागदपत्रंही बरीच. लाकूड, रोगण, डिंक यांतून बंद केबिनमध्ये कुठले वायू सुटतात, वस्तू किती सहज पेटते, तार तुटली तर टोक कुठे जाईल, हे सगळं तपासलं जातं. नोव्हेंबर २०१५मध्ये शेल लिंडग्रेन यांनी स्थानकात स्कॉटिश बॅगपाइप वाजवला. तो मुद्दाम प्लास्टिकचा होता, स्वच्छ ठेवायला सोपा.

वर सगळं जमलं, तरी खालच्यांशी जुगलबंदी होणार नाही. स्थानकाचा संकेत सरळ खाली येत नाही. बहुतेक वेळा तो आधी सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि तिथून जमिनीवर. जवळजवळ ७२,००० किलोमीटरच्या या वाटेला प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद लागतो. वरच्या वादकाने सम गाठली की खालच्याला ती पाव सेकंद उशिरा कळते, आणि त्याचं उत्तर वर पोचेपर्यंत अर्धा सेकंद गेलेला असतो. मिनिटाला २४० मात्रांचा द्रुत तीनताल धरला, तर एक मात्रा बरोबर पाव सेकंदाची. म्हणजे दोघे कायम दोन मात्रांनी चुकणार, आणि यंत्रांचा विलंब त्यात धरलेलाच नाही. कॅडी कोलमन यांनी २०११मध्ये, गागारिनच्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, स्थानकातून बासरीवादक इयन अँडरसन यांच्यासोबत युगलवादन केलं. ते दोघांचं वेगवेगळं ध्वनिमुद्रण करून नंतर जोडलेलं होतं.

आपल्या बाजूच्या संगीताचा अवकाशाशी जो खरा संबंध आला, तो वादकाशिवाय. व्हॉयेजर १ यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालं. त्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, ‘जात कहां हो’, सुमारे साडेतीन मिनिटांची. केसरबाई त्याच महिन्यात, १६ तारखेला वारल्या. तबकडीसोबत सुई आणि ती कशी लावायची याची चित्रंही पाठवली आहेत, तबकडीने ३.६ सेकंदांत एक फेरा घ्यायला हवा. पण जुन्या ग्रामोफोनची सुई खाचेत टिकते ती तिच्यावरच्या डबीच्या वजनाने, आणि यान ज्या प्रदेशातून जातंय तिथे डबीला वजन नाही. तिथेच तरंगत ही तबकडी वाजवायची ठरवली, तर सुई हलक्या स्प्रिंगने खाचेत दाबून धरावी लागेल, तबकडी चकतीला खिळवावी लागेल, आणि यंत्रही कशाला तरी घट्ट बांधावं लागेल. नाहीतर तबकडी एका दिशेला फिरायला लागली की यंत्र उलट्या दिशेला फिरू लागेल.